शिवेचा ताळा

मालवणच्या किनाऱ्यावर इंग्रज कायमचे आले ते १८१२ साली. १ ऑक्टोबरला कोल्हापूरच्या छत्रपतींशी तह झाला आणि सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट, सर्जेकोट हे चार किल्ले बंदरासकट कंपनी सरकारकडे गेले. कारण पुढे केलं गेलं ते समुद्रावरच्या लुटीचं. सहा वर्षांनी पेशवाई बुडाली आणि सावंतवाडीचं संस्थान सोडलं तर दक्षिण कोकणचा बहुतेक मुलूख मुंबई सरकारच्या ताब्यात आला. त्याचा जिल्हा झाला. कचेरी आधी बाणकोटला होती, १८२२ मध्ये ती रत्नागिरीला हलली.

चार किल्ल्यांत सर्जेकोट सगळ्यांत किरकोळ. इतिहासाच्या पुस्तकांत त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते. पण तो उभा आहे मोक्याच्या जागी. कणकवलीकडून येणारी गड नदी इथे कालावलची खाडी होऊन समुद्राला मिळते. मुखाच्या पलीकडे वाळूची एक लांब, अरुंद पट्टी दिसते. तिचं दक्षिण टोक म्हणजे तळाशील, आणि उत्तरेकडे पट्टी जिथे मुख्य भूमीला जाऊन मिळते तिथे तोंडवली. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मधे माड आणि गाबितांची घरं. खाडीच्या पोटात खोत जुवा, पाणखोल जुवा अशी बेटं. नव्या धन्याने हा असा मुलूख जिंकला खरा, पण तो केवढा आहे हे त्याला माहीत नव्हतं. जहाजांच्या उपयोगाचे किनाऱ्याचे नकाशे होते. किनाऱ्याच्या आत पाऊल टाकलं की विश्वास ठेवावा असा कागद जवळपास नव्हता.

मोजणी म्हणून कोकणाला नवी नव्हती. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी केलेली जमीनमोजणी प्रसिद्ध आहे आणि सभासदाच्या बखरीने तिचं माप नोंदवून ठेवलं आहे. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. शेताच्या कडेने काठी टाकत जायचं, लांबी-रुंदीचा गुणाकार करायचा. गावाची शीव कागदावर उतरायची ती शब्दांत: पूर्वेस ओढा, दक्षिणेस अमक्याचा बांध, पश्चिमेस समुद्र. भांडण झालं तर गोतसभा बसे, जुनी माणसं शीव चालून दाखवत. ही व्यवस्था गबाळी होती असं समजायचं कारण नाही. ज्यांना शीव माहीत होती त्यांच्यासाठी ती पुरेशी होती. दूर मुंबईत बसलेल्या माणसाला मात्र तिच्यातून काहीच दिसत नसे.

या पद्धतीची एक मर्यादा मराठी मुलखातल्याच एका गणितीने सातशे वर्षं आधी सांगून ठेवली होती. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची. तिच्यात चौकोनाच्या चार बाजू देऊन क्षेत्रफळ विचारणाऱ्याला, आणि भाबडेपणाने ते सांगणाऱ्यालाही, भास्कराचार्य चक्क पिशाच म्हणतात. राग रास्त आहे. चार काठ्या टोकांशी खिळवून चौकट केली तर ती एका बाजूला कलंडवता येते. बाजू तेवढ्याच राहतात, आतली जागा मात्र कमी-कमी होत जाते. तेव्हा बाजूंबरोबर आणखी काहीतरी सांगितलं पाहिजे. भास्कराचार्यांचा उपाय होता कर्ण किंवा लंब. त्यांनी कोन मागितला नाही, कारण आपल्या परंपरेत कोन मोजला जाई तो आकाशात, ग्रहांच्या कंसांसाठी. शेतात लांबीने भागत होतं. वर्तुळात बसणाऱ्या सुसम आकृत्यांच्या बाजू त्यांनी त्रिकोणापासून नवकोनापर्यंत दिल्या आहेत. वर्तुळाच्या व्यासाला १,०३,९२३ ने गुणून १,२०,००० ने भागलं की त्रिकोणाची बाजू, त्याच रीतीने चौकोनासाठी ८४,८५३, पंचकोनासाठी ७०,५३४ आणि षट्कोनासाठी नेमके ६०,०००, म्हणजे अर्धा व्यास. आकडे बहुतेक ठिकाणी थक्क व्हावं इतके बरोबर आहेत. पण पंचकोनाच्या कोपऱ्यात किती अंशांचा कोन असतो हा प्रश्न तिथे पडलेलाच नाही.

तो प्रश्न ग्रीकांचा. युक्लिडने त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन असते हे सिद्ध केलं. अरबी वाटेने आलेला युक्लिड अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जगन्नाथ सम्राटांनी सवाई जयसिंगाच्या पदरी संस्कृतात आणला. ‘रेखागणित’ नावाचा तो ग्रंथ छापून झाला मुंबईतच, पण १९०१-०२ साली. तोवर कोकणाच्या बांधावर त्याचा काही परिणाम होण्याचा संभव नव्हता. कोन कोकणात आला तो वेगळ्याच वाटेने, लष्करी इंजिनियरांच्या सामानातून.

त्यांच्या कामाचा गाभा समजायला सिंधुदुर्गाचा तट फार उपयोगी पडतो. १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर पायाभरणी झालेल्या या किल्ल्याचा तट बेटाच्या खडकाबरोबर वळत जातो, आत शिरतो, बाहेर येतो. या तटावरून एक पुरी फेरी मारायची आणि प्रत्येक बुरुजाशी आपण किती वळलो ते टिपत जायचं. डावीकडे वळलो तर अधिक, उजवीकडे वळलो तर उणे. फेरी संपून निघालो त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून उभे राहिलो की सगळ्या वळणांची बेरीज एकच येते: ३६० अंश. चार भिंतींच्या घराभोवती फिरलो तरी ३६०. बुरुज ४२ की ५२ यावर वाटाडे खुशाल भांडोत, वळणांची बेरीज बदलत नाही. या वळणांनाच भूमितीत बाह्यकोन म्हणतात.

आतले कोन मात्र कोपऱ्यांबरोबर वाढत जातात. चौकोन एका कर्णाने दोन त्रिकोणांत तुटतो, पंचकोन तीन त्रिकोणांत, वीस कोपऱ्यांची आकृती अठरा त्रिकोणांत. म्हणून कोपऱ्यांच्या संख्येतून दोन वजा करून १८० ने गुणलं की आंतरकोनांची बेरीज मिळते. कोपरा आतल्या बाजूला शिरलेला असला, तिथला कोन १८० अंशांहून मोठा झाला, तरी बेरीज तीच. नियम एवढाच आहे. शाळेत तो पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो, कारण त्याचा उपयोग काय हे तिथे क्वचितच कोणी सांगतं.

उपयोग आहे ताळ्याचा. समजा, वीस कोपऱ्यांच्या शिवेवर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन एक माणूस फिरला आणि त्याने वीस कोन लिहून आणले. बेरीज ३,२४० अंश यायला हवी. ती ३,२३९ अंश ५८ मिनिटं आली तर दोन मिनिटांची तूट प्रत्येक कोनात सहा-सहा सेकंद वाटून टाकता येते. हात थोडा हलला, डोळा चुकला, एवढाच त्याचा अर्थ. पण ३,२५१ आली तर कुठेतरी आकडा चुकीचा वाचला, किंवा माणूस त्या कोपऱ्यावर गेलाच नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की हे कळायला गावात जावं लागत नाही. रत्नागिरीच्या किंवा मुंबईच्या कचेरीत बसून, तोंडवली कधी न पाहिलेला कारकून कागदावरून हे पकडू शकतो. आपल्याच मोजणीदारांवर भरवसा नसलेल्या सरकारला याहून सोयीचं हत्यार मिळणं कठीण होतं. (लबाड मोजणीदार शेवटचा कोन मोजण्याऐवजी बेरजेतून वजाबाकी करून काढू शकतो, हेही खरं. म्हणून बाजूंचाही वेगळा ताळा घ्यावा लागतो: उत्तरेला जेवढं गेलो तेवढंच दक्षिणेला परतलो का, पूर्वेचं पश्चिमेशी जुळतं का.)

हिंदुस्थानात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केलं विल्यम लॅम्टनने. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी त्याने साडेसात मैलांची एक रेषा साखळीने मोजायला घेतली. त्या एका मोजलेल्या बाजूवर त्रिकोण, त्याच्या बाजूवर दुसरा त्रिकोण, असं करत तो देश ओलांडत गेला. लांबी एकदाच मोजायची, पुढे सगळं कोनांवर. त्याचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना तो आदळला आणि लॅम्टनने तंबूत बसून तो स्वतः दुरुस्त केला. १८१८ पासून या कामाला ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळालं. लॅम्टनचा शेवट महाराष्ट्रात झाला. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं.

दक्षिण कोकण मात्र या मुख्य साखळीच्या बाहेर पडलं होतं. ते काम मुंबई सरकारने आपल्या एका इंजिनियरावर सोपवलं. थॉमस बेस्ट जर्व्हिस, जन्म १७९६, सिलोनातल्या जाफन्याचा. १८२० च्या सुमाराला तो कोकणात आला आणि दहा वर्षं इथेच राहिला. माणूस कमालीचा उत्साही, भाविक ख्रिस्ती आणि स्वतःच्या कामाबद्दल जरा जास्तच चांगलं मत असलेला. त्याने त्रिकोण बांधले, नकाशे काढले आणि जोडीला दिसेल ते नोंदवलं: लोकसंख्या, वतनं, धारा, वजनं-मापं. शेर-पायली गावोगाव वेगळी, काठीही वेगळी, याचा त्याला इतका त्रास झाला असावा की पुढे अख्ख्या हिंदुस्थानासाठी एकच मापपद्धती असावी म्हणून त्याने पुस्तकं लिहिली. कोकणावरचा त्याचा भौगोलिक आणि सांख्यिक वृत्तांत १८४० मध्ये छापून आला.

कोकणात अशी मोजणी म्हणजे ऋतूशी शर्यत. जून ते सप्टेंबर काही दिसत नाही. उन्हाळ्यात धुरकट हवेमुळे दूरच्या डोंगरावरचं निशाण पुसट होतं. सड्यावरून सडा दिसतो, पण मधल्या खाड्या ओलांडायला होडी लागते. आडव्या खाड्यांनी चिरलेल्या या मुलखात साखळी टाकत सरळ जाणं जवळपास अशक्य. पण कालावलची खाडी कितीही रुंद असो, दोन तीरांवरच्या दोन टेकड्या एकमेकींना दिसल्या की कोन मोजता येतो. साखळीला पाणी आडवं येतं, नजरेला येत नाही. कोकणासाठी कोन ही चैन नव्हती.

या कामाला एकट्या गोऱ्या अधिकाऱ्याचे हात पुरणारे नव्हते. मदतनीस हवेत आणि ते इथलेच हवेत, स्वस्तही हवेत. इथे गोष्टीत दुसरा जर्व्हिस येतो. थॉमसचा थोरला भाऊ जॉर्ज, तोही मुंबईच्या इंजिनियर पलटणीतला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना १८२३ मध्ये मुंबईत एक इंजिनियर शाळा निघाली आणि तिची सूत्रं जॉर्जकडे आली. मोजणी आणि बांधकाम खात्यांसाठी माणसं तयार करणं हा उद्देश. शिकवायचं कोणत्या भाषेत? जॉर्जचं उत्तर ठाम होतं: मराठीत आणि गुजरातीत.

मग पुस्तकं हवीत. ती नव्हती, म्हणून ती करायला घेतली. नमुना घेतला चार्ल्स हटनच्या गणिताचा. न्यूकॅसलच्या कोळसाखाणीत काम केलेला हा माणूस पुढे वुलिचच्या लष्करी अकादमीत प्राध्यापक झाला होता आणि कंपनीचे कितीतरी तोफखानेवाले, इंजिनियर त्याच्या पुस्तकावर वाढले होते. जॉर्ज जर्व्हिस आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांनी मिळून ते मराठीत आणलं. १८२६ ते १८२८ या काळात अंकगणित, बीजगणित आणि भूमितीचे भाग निघाले. ‘शिक्षामाला’ हे त्या ग्रंथाचं नाव आज फक्त सूचीकारांच्या ओळखीचं उरलं आहे. बहुभुजाकृतीच्या आंतरकोनांचा आणि बाह्यकोनांचा नियम हटनच्या भूमितीत त्रिकोणाच्या नियमापाठोपाठ येतो, आणि मोजणीदाराला नेमकं तेच हवं होतं.

जगन्नाथशास्त्र्यांबद्दल मराठी वाचकाला फार कमी सांगितलं जातं. १८२९ मध्ये निघालेल्या ‘महाराष्ट्र भाषेच्या कोशा’च्या शास्त्रीमंडळात ते प्रमुख होते. मोल्सवर्थच्या कोशाचा पाया तोच. म्हणजे मराठी शब्दांची मोजदाद करणारा आणि मराठीत भूमितीची भाषा बसवणारा माणूस एकच. एका बाजूला लष्करी इंजिनियर, दुसऱ्या बाजूला संस्कृत परंपरेतला शास्त्री, आणि दोघांमध्ये एका त्रिकोणाची सिद्धता. त्या बैठकांची टिपणं कोणी ठेवली असती तर मी मराठ्यांच्या एखाद्या लढाईच्या बखरीआधी ती वाचायला घेतली असती.

याच मंडळींच्या अंगणात देवगडच्या पोंभुर्ल्याचा एक मुलगा वाढत होता. बाळशास्त्री जांभेकर मुंबईला आले आणि सदाशिव काशीनाथ छत्र्यांच्या आश्रयाला राहून इंग्रजी, गणित शिकले. ज्या शिक्षण मंडळीचे जॉर्ज जर्व्हिस सचिव, तिथेच १८३० मध्ये ते डेप्युटी नेटिव्ह सेक्रेटरी झाले. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढलं ते आपल्याला पाठ आहे; दोनच वर्षांनी ते एल्फिन्स्टन विद्यालयाच्या वर्गांत गणित शिकवू लागले आणि ‘शून्यलब्धि’ गणितावर त्यांनी मराठीत लिहिलं, हे आपण पटकन विसरतो. पत्रकारदिनाच्या भाषणांत या बाळशास्त्र्यांना जागा मिळत नाही.

आणि मग १८३२ मध्येच इंजिनियर शाळा बंद झाली. तिला आयुष्य मिळालं अवघं नऊ वर्षांचं. एल्फिन्स्टन केव्हाच परत गेले होते, कंपनीचे दिवस काटकसरीचे होते. जोडीला आणखी एक घटना घडत होती. पुणे भागात प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२७-२८ पासून सुरू केलेली महसुली मोजणी फसली. मापं चुकीची, हाताखालच्या लोकांची लाचखोरी, आणि धारा ठरवण्याचं गणित इतकं गुंतागुंतीचं की रयत गावं सोडून जाऊ लागली. देशी माणसं मोजणीला विश्वासाची नाहीत हा निष्कर्ष काढायला साहेबांना सोपं गेलं. माझ्या मते तो चुकीचा होता. अपुरा पगार, अपुरी देखरेख आणि अव्यवहार्य धारा यांचं पाप मोजणाऱ्यांच्या माथी मारलं गेलं.

थॉमस जर्व्हिसच्या नशिबी वेगळंच नाट्य होतं. एव्हरेस्टची प्रकृती ढासळलेली, म्हणून १८३७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी त्याच्या जागी सर्व्हेअर जनरल म्हणून जर्व्हिसची आगाऊ नेमणूक ठरवून ठेवली. तो तेव्हा विलायतेत होता. पद रिकामं व्हायच्या आधीच त्याने हिंदुस्थानच्या मोजणीवर व्याख्यानं द्यायला सुरुवात केली, नव्या योजना मांडल्या आणि रॉयल सोसायटीच्या ३८ सभासदांच्या सह्यांचं समर्थनपत्रही मिळवलं. इकडे एव्हरेस्ट जिवंत होता, कामावर होता आणि त्याचा स्वभाव मुळातच शांत नव्हता. त्याने सोसायटीचे अध्यक्ष ड्यूक ऑफ ससेक्स यांना पत्रांमागून पत्रं लिहिली आणि १८३९ मध्ये ती छापूनही टाकली. जर्व्हिसची लायकी काय, कोकणात त्याने केलेलं काम कोणत्या प्रतीचं, असा सगळा उद्धार त्यांत होता. एव्हरेस्टने राजीनामा देणंच लांबवलं. १८४३ पर्यंत तो खुर्चीवर बसून राहिला आणि जाताना वारस म्हणून अँड्र्यू वॉचं नाव सुचवून गेला. जर्व्हिस त्याआधीच निवृत्त झाला होता. पुढे क्रिमियाच्या युद्धात इंग्रज सेनापतींकडे धड नकाशा नसताना ब्रसेल्समध्ये एक रशियन नकाशा त्याच्या हाती लागला आणि त्यातून १८५५ मध्ये ब्रिटिश युद्धखात्याची नकाशाशाखा उभी राहिली. दोन वर्षांनी तो वारला.

या भांडणात स्वभाव होतेच, पण खाली एक खरा प्रश्नही होता. एका जिल्ह्याच्या नकाशाला पुरेल एवढी अचूकता आणि पृथ्वीचा आकार काढायला लागणारी अचूकता यांत फार अंतर आहे. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश हा नियम सपाट कागदाचा. पृथ्वी गोल असल्यामुळे जमिनीवरच्या मोठ्या त्रिकोणात ती थोडी जास्त भरते: दर १९७ चौरस किलोमीटरमागे साधारण एक सेकंद, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. पन्नास किलोमीटर बाजूच्या त्रिकोणात साडेपाच सेकंद. जिल्ह्याच्या नकाशात हे कोणाला दिसणारही नाही. एव्हरेस्टच्या हिशेबात मात्र बेरीज बरोबर १८० आली तर ती चूक ठरे.

१८४० च्या दशकात ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेची स्वतःची साखळी कोकणात उतरली. दक्षिण कोकण किनारा मालिका असं तिचं नाव. अशा मालिकांत नुसत्या त्रिकोणांची रांग पुरेशी मानली जात नसे. मधल्या एका डोंगरावर ठाणं आणि भोवती पाच-सहा डोंगर, अशी बहुभुजाकृती रचली जाई. मग ताळे वाढत: प्रत्येक त्रिकोणाची बेरीज, मधल्या ठाण्याभोवतीच्या कोनांची ३६० अंश बेरीज, बाहेरच्या कोपऱ्यांची बेरीज, आणि एका बाजूने निघून गोल फिरून आल्यावर तीच लांबी परत मिळते का हा शेवटचा. एक कोन चुकला तर दोन-तीन ठिकाणी बोंब उठे. हे ताळे घेणारे गणकही बरेचसे हिंदी. कलकत्त्याचे राधानाथ सिकदार त्यांतले सगळ्यांत नामांकित.

डोंगरमाथ्यावरचं हे काम तोंडवलीच्या माडांखालच्या माणसाला कधी कळलंही नसेल. त्याच्याशी संबंध आला तो महसुली मोजणीचा. विंगेट आणि गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ मध्ये इंदापुरात नव्याने सुरुवात करून १८४७ च्या संयुक्त अहवालात जी पद्धत पक्की केली, ती पुढे मुंबई इलाखाभर पसरली. कोकणात खोतांनी तिला दमवलं. १८५१ चा विंगेटचा अहवाल, १८६५ चा मोजणी कायदा, १८८० चा खोती कायदा, आणि खोती संपली ती स्वातंत्र्यानंतर. पण मोजणीची रीत पाहण्यासारखी आहे. तेहतीस फुटांची साखळी. साखळीभर चौरस तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेतातून एक सरळ रेषा टाकायची, शंकू ठेवून प्रत्येक कोपऱ्यापर्यंत काटकोनात अंतर काढायचं, टिपणावर आकडे लिहायचे, त्रिकोणांची आणि समलंब चौकोनांची क्षेत्रफळं बेरजेस घ्यायची. कोन मोजायचाच नाही! शंकूला फक्त काटकोन कळतो. म्हणजे युक्लिड, हटन, एव्हरेस्ट सगळे येऊन गेले, आणि रयतेच्या शेताचा धारा ठरला तो भास्कराचार्यांच्या लंबावर.

यात काही मागासलेपण नव्हतं. शेत लहान, झाडी दाट, थिओडोलाइट महाग आणि चालवणारा त्याहून महाग. लंबाने क्षेत्रफळ थेट मिळतं, कोनाने ते मिळवायला कोष्टकं लागतात. पण परिणाम असा झाला की वरच्या थरात सेकंदाच्या अंशाने जुळणारी चौकट आणि खालच्या थरात टिपणं, ही दोन मापं दीर्घकाळ एकमेकांना न भेटता राहिली. उत्तर हिंदुस्थानात गावाच्या शिवेवरून थिओडोलाइट फिरवून बहुभुज मिटवण्याची पद्धत महसुली मोजणीत लवकर आली होती. आपल्याकडे टिपणं उत्तम असूनही शेजारच्या दोन गावांचे नकाशे कडेला कडा लावले की मधे फट पडते किंवा एकमेकांवर चढतात, ही तक्रार भूमी अभिलेखच्या कुठल्याही कचेरीत ऐकू येते. तिचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

भाषेच्या आघाडीवर १८४७ मध्ये आणखी एक लढाई झाली. बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष अर्स्किन पेरी उच्च शिक्षण इंग्रजीतूनच हवं म्हणत होते. कर्नल झालेले जॉर्ज जर्व्हिस त्यांना उभे ठाकले. रयतेला तिच्याच भाषेत शिकवल्याशिवाय ज्ञान खाली झिरपणार नाही, ही त्यांची बाजू. जगन्नाथ शंकरशेट आणि बोर्डातले इतर देशी सभासद त्यांच्याबरोबर होते. बाळशास्त्री वर्षापूर्वीच वारले होते, नाहीतर त्यांचंही वजन याच पारड्यात पडलं असतं असं मला वाटतं. प्राथमिक शाळा मराठी राहिल्या, वरच्या वर्गांत इंग्रजी बसली. भूमिती मराठी शाळेत टिकली, पण मोजणीच्या हत्यारापासून तोडून. मुलगा बहुभुजाच्या कोनांची बेरीज मराठीत शिके आणि मोजणी खात्यात गेला की मुकाट्याने साखळी ओढे. ‘शिक्षामाला’च्या कर्त्यांना ही दोन कामं एकाच माणसाने करायला हवी होती.

आता मोजणीला इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन येतं, उपग्रहांवर चालणारे रोव्हर येतात, गावठाणांवर ड्रोन फिरतात. यंत्र कोन आणि अंतर एकदमच घेतं, बहुभुज मिटतो की नाही ते जागेवर सांगतं, तूट स्वतःच वाटून टाकतं. भूकरमापकाला बेरीज करावी लागत नाही. मागच्या दशकात वायंगणी-तोंडवली परिसरात सी वर्ल्ड या पर्यटन प्रकल्पाची योजना आली तेव्हा गावकऱ्यांचा विरोध सगळ्यांत आधी जागा झाला तो जमिनीच्या प्रश्नावर. आपला कोपरा कोणी, कुठून आणि कशासाठी मोजायचा, ही शंका इथे दोनशे वर्षं मुरलेली आहे.

तळाशीलच्या पट्टीवर आणखी एक अडचण आहे, जिच्यावर एव्हरेस्टकडेही उत्तर नव्हतं. समुद्र किनारा खातो आहे. धूपप्रतिबंधक बंधाऱ्यासाठी इथले लोक पुन्हापुन्हा मागणी करतात. जुन्या नकाशातल्या पश्चिमेच्या हद्दीचे कोपरे कागदावर पक्के असले तरी त्यांपैकी काहींच्या जागी आता लाट येते. कोनांची बेरीज मात्र जुन्या आकड्यांवरही तंतोतंत जुळते, कारण ती फक्त मोजणारा स्वतःशी सुसंगत होता का एवढंच तपासते. जमीन अजून तिथे आहे का हे तिला विचारता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी फेरमोजणीला आलेल्या माणसाला सुरुवात करावी लागते ती आतल्या, न हललेल्या खुणांपासून, आणि समुद्राच्या बाजूला कोणती रेषा धरायची, जुन्या नकाशातली, सातबाऱ्यातल्या क्षेत्राची की आजच्या भरतीची, हा निर्णय त्याच्या यंत्रात होत नाही. तो तालुक्याच्या कचेरीत, हरकतींच्या सुनावणीत होतो.